आधी उतरणे, मग उडी
प्राथमिक शाळेतील जिम्नॅस्टिक्स : काय शिकवावे, कसे शिकवावे

जिम्नॅस्टिक्स म्हटले की दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या हवेतल्या गिरक्या डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे पहिली ते चौथीच्या मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवायचे, असे कोणी म्हटले की पालक दचकतात आणि मुख्याध्यापकांना अपघाताची चिंता वाटू लागते. ही भीती अगदीच अनाठायी नाही. मात्र ती खरी ठरते ती बहुधा शिकवण्याचा क्रम चुकल्यामुळे. स्नेहसंमेलन तोंडावर आले की वर्षभर कवायतीपलीकडे काही न केलेल्या मुलांना पंधरा दिवसांत मनोरे आणि कोलांटउड्या शिकवल्या जातात. पडायचे कसे, हे शिकवायला तेव्हा कोणापाशीच वेळ नसतो.

वास्तविक या व्यायामप्रकाराची आधुनिक मांडणी शाळेतच झाली. जर्मनीतील श्नेप्फेनथाल येथील शाळेत शिकवणाऱ्या योहान गुट्समुथ्स यांनी १७९३ मध्ये मुलांच्या जिम्नॅस्टिक्सवर पुस्तक लिहिले. पुढे १८११ मध्ये फ्रीडरिश यान यांनी बर्लिनमध्ये खुले व्यायाम मैदान सुरू केले. आपल्याकडे मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. शरीर पेलणे, लटकणे आणि उलटे होणे हे मराठी मातीला परके नाही. वडाच्या पारंब्यांना लोंबकळणारी, लंगडी आणि सूरपारंब्या खेळणारी मुले हेच शिकत होती. शहरात झाडे आणि अंगणे दोन्ही आक्रसली आणि हे शिक्षण शाळेच्या तासावर येऊन पडले.

हालचालींचे सहा गट

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आदी देशांत प्रशिक्षकांना शिकवताना जिम्नॅस्टिक्सची विभागणी कसरतींच्या नावांनी न करता हालचालींच्या गटांनी करण्याची पद्धत रूढ आहे. या मांडणीत साधारणपणे सहा गट येतात.

* जमिनीवर उतरणे : उडीनंतर पायांवर स्थिरावणे, तसेच तोल गेल्यास सुरक्षित पडणे.
* स्थिर राहणे : एका पायावर तोल सांभाळणे, दंड काढतानाच्या स्थितीत हातांवर भार पेलणे.
* पुढे सरकणे : धावणे, लंगडणे, अस्वलासारखे चार पायांवर चालणे, खेकड्याची चाल.
* उसळी : दोन्ही पायांनी किंवा हातांनी जमीन ढकलून शरीर वर उचलणे.
* झोका : बारला किंवा दोराला लटकून हेलकावे घेणे.
* फिरणे : लोळणे, कोलांटउडी, उभ्याने गिरकी.

अवघड कसरत याच गटांच्या जोडणीतून तयार होते. कार्टव्हील, म्हणजे चाकासारखे हातांवरून आडवे फिरणे, हे हातांवर भार पेलणे आणि फिरणे यांचे मिश्रण आहे. ज्या मुलाला दंडाच्या स्थितीत दहा अंक मोजेपर्यंत कंबर न पाडता राहता येत नाही, त्याला कार्टव्हील करायला लावणे म्हणजे मुळाक्षरांआधी निबंध लिहायला सांगणे होय.

पहिला धडा : उतरणे

सहा गटांत उतरण्याला पहिले स्थान द्यावे, याचे कारण सरळ आहे. प्रत्येक उडीचा शेवट जमिनीवरच होतो आणि दुखापतीही बहुतांशी तिथेच होतात. सुरुवात जागच्या जागी उडीने करावी. पायांचे चवडे आधी टेकवून मग टाचा टेकवाव्यात, गुडघे वाकवावेत, ते आत वळू न देता पावलांच्या दिशेने ठेवावेत, हात पुढे घ्यावेत आणि तीन अंक मोजेपर्यंत हलू नये. हे सहज जमू लागल्यावरच गुडघ्याहून कमी उंचीच्या बाकावरून उडी घेऊ द्यावी.

पडण्याचाही सराव हवा. तोल जाताच मूल हात ताठ करून पुढे टेकते आणि मनगटाजवळचे हाड मोडते, हा मुलांमधील नेहमीचा अपघात आहे. म्हणून अंग गोळा करून कुशीवर किंवा पाठीवर लोळण्याची सवय लावावी. मागे पडताना बोटे मागच्या दिशेला वळवून हात टेकू नयेत, हे वारंवार सांगावे लागते.

कोलांटउडीच्या पायऱ्या

पहिली पायरी अंग ताठ ठेवून पेन्सिलीसारखे आडवे लोळण्याची. दुसरी, गुडघे पोटाशी घेऊन पाठीवर पाळण्यासारखे झुलण्याची. तिसरी, उतरत्या गादीवरून पुढची कोलांटउडी. उतारामुळे गती आपोआप मिळते आणि मुलाला जोर लावावा लागत नाही. सपाट गादी त्यानंतर येते.

हनुवटी छातीला चिकटलेली, तळहात खांद्यांइतक्या अंतरावर आणि कंबर उंच, ही तिन्ही लक्षणे पाहूनच पुढे जाऊ द्यावे. भार हातांवर यावा आणि तेथून तो खांद्यांच्या मागच्या भागावर सरकावा. डोक्याचा माथा जमिनीवर टेकत असेल, तर मूल मानेवर सगळे वजन घेत आहे, असे समजून तिथेच थांबवावे. मागची कोलांटउडी सर्वांना सक्तीची करू नये. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असल्याने तिच्यात मानेवर ताण येतो. एका खांद्यावरून मागे लोळणे हा तिला चांगला पर्याय आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात. त्यांना डॉक्टरांच्या संमतीशिवाय कोलांटउडी शिकवू नये.

चाळीस मुले, एक शिक्षक

रांगेत उभे राहून एकेकाने गादीवर यायचे, या पद्धतीत चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला तासाभरात दोन-तीनच प्रयत्न येतात. त्याऐवजी मैदानाचे सहा भाग करून प्रत्येक ठिकाणी एका गटाची हालचाल ठेवावी. सहा-सात मुलांची तुकडी पाच मिनिटांनी पुढच्या ठिकाणी जाते. शिक्षकाने मात्र जिथे धोका अधिक, तिथेच उभे राहावे, म्हणजे बहुधा कोलांटउडीच्या गादीपाशी. बाकीच्या ठिकाणी दोरीवरून उड्या, जमिनीवर आखलेल्या रेषेवर तोल सांभाळत चालणे, खेकड्याची चाल अशी देखरेख कमी लागणारी कामे ठेवता येतात.

साहित्य थोडे लागते, पण जे लागते त्याला पर्याय नाही. फरशीवर अंथरलेली सतरंजी ही गादी नव्हे. घरातील मऊ गादीही चालत नाही, कारण तिच्यात पाऊल रुतून घोटा मुरगळतो. दाट फोमच्या, कडा एकमेकींना भिडवलेल्या गाद्याच हव्यात. मुले अनवाणी असावीत, गळ्यातील साखळी आणि हातातील बांगड्या काढलेल्या असाव्यात. मुलींनाही हाफ पँट किंवा ट्रॅक पँट घालू द्यावी. केवळ स्कर्टच्या संकोचापायी अनेक मुली या तासाला बाजूला बसून राहतात. ट्रॅम्पोलिन मात्र शाळेने टाळावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७७ मध्येच शालेय व्यायामातून ते वगळण्याची शिफारस केली होती.

स्पर्श आणि सक्ती

आधार देताना मुलाला हात लावावा लागतो. कुठे आणि कशासाठी हात लावणार, हे आधी सांगावे, मूल ‘नको’ म्हणाले तर सोपी पायरी द्यावी. पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या पाठीवर दाब देऊन ताण वाढवणे ही शिस्त नव्हे. ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्स क्षेत्रातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अ‍ॅन व्हाइट यांचा अहवाल २०२२ मध्ये आला, त्यात वेदना होईपर्यंत ताणून घेण्याच्या प्रकारांचाही समावेश होता.

‘जिम्नॅस्टिक्सने उंची खुंटते’ ही पालकांची दुसरी शंका. आंतरराष्ट्रीय महासंघाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात प्रशिक्षणामुळे प्रौढ वयातील उंची घटत असल्याचे दिसून आले नाही. बुटक्या बांध्याची मुले या खेळात अधिक टिकतात, म्हणून तसा समज होतो. शाळेतील आठवड्याच्या दोन-तीन तासांबाबत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात दीपा कर्माकरचे पदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकले, तेव्हा देशभर या खेळाची चर्चा झाली. शाळेला मात्र दीपा घडवायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. उड्या, लटकणे आणि हातांवर भार पेलणे यांतून तो होतो. चौथीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला बाकावरून उडी मारून न डगमगता उभे राहता आले, स्वतःचे वजन हातांवर पेलता आले आणि पडताना लोळता आले, तर शाळेने जिम्नॅस्टिक्स शिकवले, असे म्हणता येईल. स्नेहसंमेलनातील मनोरा त्यानंतरही रचता येतो.