बंदुकीवरची दुर्बीण आणि तिची बैठक

शिकारीच्या रायफलवर दुर्बीण बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती पटीची? चार की नऊ? माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की ती बसणार कशावर? मराठीत आपण सरळ ‘माउंट’ म्हणतो. रायफलला घट्ट धरलेला खालचा तळ आणि दुर्बिणीला कवेत घेणाऱ्या दोन कड्या, एवढाच त्याचा पसारा.

साधा हिशोब करा. दोन कड्यांमध्ये 100 मिलिमीटर अंतर आहे आणि त्यातली एक 0.1 मिलिमीटरने बाजूला सरकली. कागदाच्या जाडीएवढं. 100 मीटरवर गोळी 10 सेंटीमीटर भरकटली! कागदी निशाण्यावर ही गंमत वाटेल. हरणाच्या बाबतीत याचा अर्थ काळजाऐवजी पोटात गोळी, आणि मग रात्रभर झाडीत तडफडणारं जनावर.

जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विल्यम माल्कम यांनी 1855 मध्ये दुर्बिणी बनवायला घेतल्या. जवळजवळ रायफलच्या नळीइतक्या लांब. नेम डावी-उजवीकडे न्यायचा तर माउंटमधले स्क्रू फिरवून अख्खी दुर्बीणच हलवायची. म्हणजे नेमाची सगळी भिस्त माउंटवर. युरोपात जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागिरांनी वेगळी वाट धरली. दुर्बिणीखाली पोलादी नखं आणि रायफलवर त्यांच्यासाठी खाचा. पाऊस आला, जनावर जवळ आलं, की दुर्बीण काढून खिशात आणि उघड्या नेमाने गोळी. परत बसवली की नेम जागच्या जागी यायला हवा. त्यासाठी ती नखं एकेका रायफलला हाताने कानस मारून जुळवावी लागत. खर्च अर्थातच भरपूर.

आता 1914 कडे येऊ, कारण या सगळ्याची खरी परीक्षा शिकारीत झालीच नाही, ती खंदकात झाली. जर्मनीत हौशी शिकाऱ्यांच्या घरी दुर्बिणीच्या रायफली होत्या. त्या गोळा करून आघाडीवर धाडल्या गेल्या आणि समोरचे ब्रिटिश सैनिक डोकं वर काढताच पडू लागले. इथे एक माणूस येतो, हेस्केथ-प्रिचर्ड. जन्म 1876 चा, आणि कुठला? झाशीचा. झाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच नाव येतं, पण हाही तिथलाच. मोठा शिकारी, वर हॅम्पशायरकडून क्रिकेट खेळलेला. 1915 मध्ये तो फ्रान्समध्ये पोचला आणि पाहतो तर दुर्बिणी आल्या होत्या, पण त्या रायफलशी जुळवून कशा घ्यायच्या हे कितीतरी सैनिकांना कोणी शिकवलंच नव्हतं. माउंट सैल, नेम भलतीकडे.

त्यात ब्रिटिशांच्या लष्करी रायफलींवर दुर्बीण नळीच्या वर नसून डाव्या बाजूला असे. कारण तसं शहाणपणाचंच होतं. वरून काडतुसांची पट्टी भरता यावी. पण पोलादी ढालीच्या अरुंद भोकातून नळी बाहेर काढली की डावीकडच्या दुर्बिणीतून दिसायचं काय? ढाल! शिवाय समजा दुर्बीण 5 सेंटीमीटर डावीकडे आहे आणि नेम 100 मीटरला जुळवलाय, तर 200 मीटरवर गोळी 5 सेंटीमीटर डावीकडे पडणार. प्रिचर्डने या माउंटवर सडकून टीका केली. 1916 मध्ये त्याने नेमबाजांची शाळा उभी केली. तिथे दुर्बीण जुळवणं आणि जपणं हा रोजचा धडा होता.

युद्धानंतर अडचण वेगळी. माउझर जातीच्या रायफलचा बोल्ट उघडताना दांडी वर उठते, आणि मागचा खटकाही वरूनच फिरतो. दुर्बीण खाली बसवली तर दोन्ही तिला आपटतात. उंच बसवली तर गाल दस्त्यावर टेकत नाही, मान ताणून पाहावं लागतं. मग दांड्या वाकवल्या गेल्या, खटके बदलले गेले. 1930 मध्ये विल्यम वीव्हर यांनी माउंटसकट 19 डॉलरला दुर्बीण विकायला काढली आणि साध्या शेतकऱ्याच्या रायफलवरही ती दिसू लागली. पुढे काचेत दव साचण्याचा त्रास ल्युपोल्ड कंपनीने नळीत नायट्रोजन भरून मिटवला.

तेव्हा निवडायचीच तर माझा क्रम असा. रायफलच्या कृतीला जुळणारा तळ, मग पुढची भिंग बोल्टसकट मोकळी राहील इतक्याच उंच कड्या, डोळा आणि मागची काच यांत धक्का सोसेल एवढं अंतर, आणि शेवटी पट. जंगलात चार पट बहुतेक वेळा पुरतात. जास्त पटीत दृश्य अरुंद होतं आणि हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपवली, आणि ते योग्यच झालं. त्याआधीचंही एक उदाहरण सांगतो. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या 1926 मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारला तो .275 रिग्बी रायफलने, उघड्या नेमावर. मात्र अंधारासाठी त्या रायफलवर विजेची बॅटरी बसवलेली होती. गोळी सुटली आणि बॅटरीही विझली. बिबट्याला लागली की नाही, हे कळायला त्यांना उजाडेपर्यंत झाडावर थांबावं लागलं.