उसन्या ड्रायव्हरची गोष्ट

ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एसटीचा किंवा रिक्षाचा ड्रायव्हर येतो. संगणकातला ड्रायव्हर दिसत नाही, पण त्याच्यावाचून तिथेही गाडी हलत नाही. प्रिंटर असो, आवाजाचे कार्ड असो की वायरलेस इंटरनेटचे, संगणकाचा प्रत्येक भाग आपापल्या खुणांनी बोलतो. त्या खुणा विंडोज किंवा लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमला कळाव्यात म्हणून मधे एक प्रोग्रॅम दुभाष्यासारखा बसलेला असतो. तो ड्रायव्हर. नव्या प्रिंटरच्या खोक्यातून पूर्वी एक सीडी निघायची, तिच्यात हाच ऐवज असे. आणि तो बहुधा विंडोजपुरताच असे.

हा दुभाषी कुणाच्या ताब्यात असावा, हा वाद जुना आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी फेरफार करून, कागद अडकला की संगणकावर सूचना येण्याची सोय केली होती. नव्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, मिळेना. ज्याच्याकडे ती होती त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. पुढे 1983 मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली, तिच्यामागे हा अडकलेला कागदही होता. 1991 मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला.

लिनक्स सर्वांचे झाले, पण यंत्रे बनवणारे विंडोजसाठीच ड्रायव्हर देत राहिले. चिपची माहिती मिळाली तर लिनक्सची मंडळी आपला ड्रायव्हर आपणच लिहीत. वायरलेसच्या बाबतीत मात्र माहितीच मिळेना. 2003 च्या सुमारास लॅपटॉपमध्ये वायरलेस कार्डे सर्रास येऊ लागली. त्यांतल्या कितीतरी कार्डांत ब्रॉडकॉम कंपनीची चिप होती आणि ती लिनक्सपुढे मुकी होती. अशा चिपमधल्या रेडिओची वारंवारता आणि शक्ती सॉफ्टवेअरनेच ठरते. माहिती उघड केली तर लोक सरकारी मर्यादा ओलांडतील, असे कारण उत्पादकांकडून सांगितले जाई. मला ते अर्धेच खरे वाटते. प्रतिस्पर्ध्याला आपली युक्ती कळू नये, ही काळजीही त्यात होतीच.

मग एक अजब तोड निघाली: विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा! मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरांसाठी एनडीआयएस नावाची नियमावली आखलेली होती. ड्रायव्हरने विंडोजकडे काय मागायचे आणि कोणत्या शब्दांत मागायचे, हे तिच्यात ठरलेले होते. थोडी मेमरी दे, इतक्या वेळाने मला जागे कर, हा मजकूर पुढे धाड, अशा त्या मागण्या. 2003 मध्ये पाँटस फुक्स यांनी सुरू केलेला आणि पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी वाढवलेला ‘एनडीआयएसरॅपर’ हा प्रोग्रॅम या मागण्या लिनक्सकडून पुरवून घेई. बिचाऱ्या ड्रायव्हरला वाटे, आपण विंडोजच्याच घरी नांदतो आहोत.

कृती अगदी साधी. सीडीवरून ‘आयएनएफ’ आणि ‘सिस’ या दोन फायली काढायच्या, एका आज्ञेने त्या बसवायच्या आणि दुसरीने सुरू करायच्या. कार्डावरचा दिवा लुकलुकू लागला की जिंकले! फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टीमसाठी बिल पॉल यांनी असेच काम केले आणि त्याला ‘प्रोजेक्ट ईव्हिल’, म्हणजे ‘दुष्ट प्रकल्प’ असे नाव पडले. नावात थट्टा असली तरी अपराधी भावनाही होती.

कारण उसनवारीला मर्यादा होत्या. विंडोजचा ड्रायव्हर इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरसाठी तयार झालेला असे. अ‍ॅपलच्या त्या काळच्या पॉवरपीसी लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचीच चिप असूनही तो निरुपयोगी ठरे. 64 बिटांच्या लिनक्सला 32 बिटांचा ड्रायव्हर चालत नसे. संगणक गोठला, तर दोष कुठे आहे हे शोधायला आत डोकावण्याची सोय नव्हती. असा बंद ड्रायव्हर बसला की लिनक्स आपल्या गाभ्यावर ‘डागाळलेला’ असा शेरा मारी, आणि त्याचे रचनाकार तक्रार ऐकायला नाखूश असत. मला त्यांचे वागणे कठोर वाटत नाही. जे वाचता येत नाही, ते दुरुस्त कसे करणार?

दुसरी वाट लांबची होती. काही जणांनी ब्रॉडकॉमच्या बंद ड्रायव्हरचे वागणे उकलून चिप काय मागते आणि काय देते, याची टिपणे केली. या लोकांनी ड्रायव्हर लिहायचा नाही, अशी शिस्त. लिहिणारे वेगळे, त्यांनी फक्त टिपणे वाचायची, मूळ वस्तूकडे पाहायचेही नाही. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून हे सोवळे. त्यातून तयार झालेला ‘बीसीएम43एक्सएक्स’ हा ड्रायव्हर 2006 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला आणि 2008 मध्ये त्याची जागा ‘बी43’ ने घेतली. आता पॉवरपीसीचे लॅपटॉपही बोलू लागले. सप्टेंबर 2010 मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला.

जुन्या चिपांचे मात्र एक कोडे उरलेच. त्यांच्या आत भरायचा फर्मवेअर नावाचा मजकूर कंपनीचाच आहे आणि तो इतरांनी वाटायला परवानगी नाही. तो कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढावा लागतो. त्या कामाच्या हत्याराचे नावही ‘एफडब्ल्यूकटर’. डेबियन या लिनक्सवर ते काम करणारे पॅकेज आधी मूळ ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवते. म्हणजे वायरलेस इंटरनेट चालू करण्यासाठी इंटरनेट हवे. अशा वेळी कपाटातली केबल शोधायची, आणि ती सापडली नाही तर शेजाऱ्याकडून पेनड्राइव्हवर फाइल आणायची.