बुरशीची गोळी, ॲलर्जीची गोळी आणि एक केस रिपोर्ट

1981 साली अमेरिकेत किटोकोनॅझोलच्या गोळीला मान्यता मिळाली. तोवर शरीरात खोलवर पसरलेल्या बुरशीसाठी ॲम्फोटेरिसिन-बी शिरेतून द्यावं लागायचं आणि त्याचा मार मूत्रपिंडावर बसायचा. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीचं हे नवं औषध तोंडाने घेता येत होतं. डॉक्टर खूश झाले यात नवल नाही. ते यकृताला इजा करू शकतं हे काही वर्षांतच कळलं, पण मला आधी सांगायचंय ते दुसरंच.

पेशीचं आवरण बनवायला बुरशी एक एन्झाइम वापरते. किटोकोनॅझोल नेमकं तेच अडवतं. अडचण अशी की ते सायटोक्रोम पी450 या मोठ्या कुळातलं आहे, आणि त्याच कुळातलं सीवायपी3ए4 आपल्या यकृतात आणि आतड्यात कितीतरी औषधांचा निचरा करतं. गोळी दोघांनाही अडवते.

आता 1990 मध्ये 'जामा'त आलेला केस रिपोर्ट बघा. 39 वर्षांची एक बाई टर्फेनाडिन ही ॲलर्जीची गोळी घेत होती. मध्येच तिने स्वतःच्या मनाने किटोकोनॅझोल सुरू केलं. तिची शुद्ध हरपायला लागली आणि ईसीजीत जीवघेणी अनियमित लय दिसली. एरवी टर्फेनाडिनचं शरीरात इतक्या झटपट रूपांतर होतं की मूळ औषध रक्तात जवळजवळ सापडतच नाही. इथे ते साचलं होतं. (एकाच पेशंटवरून काय कळणार, असं म्हणणाऱ्यांनी हा पेपर जरूर वाचावा.) 1998 मध्ये टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. त्याच्या जागी आलेलं फेक्सोफेनाडिन हे त्याचंच रूपांतरित रूप.

गंमत पुढे आहे. किटोकोनॅझोलचा हा दोषच संशोधकांची मोजपट्टी झाला! नवं औषध सीवायपी3ए4वर किती विसंबून आहे हे तपासायला निरोगी स्वयंसेवकांना ते देऊ लागले. मग 2013 मध्ये यकृताच्या धोक्यामुळे एफडीएने गोळीचा वापर फार मर्यादित केला, युरोपच्या औषध संस्थेने तो थांबवण्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी एफडीएने या चाचण्यांतही ती वापरू नका म्हणून सांगितलं. पर्याय म्हणून सुचवलेल्यांपैकी एक इट्राकोनॅझोल.

म्हणजे आपल्याकडे गजकर्णासाठी लिहून देतात ती कॅप्सूल. तीही तेच एन्झाइम अडवते. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनबरोबर ती चालत नाही, आणि हार्ट फेल्युअर असेल तर नखांच्या बुरशीसाठी देत नाहीत. घरात कुणाला ती सुरू होणार असेल, तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आधी डॉक्टरांपुढे ठेवायला सांगा. ॲलर्जीच्या गोळीचंसुद्धा.