मकासर बंदर आणि त्याचा द्वीपव्यापार : काही शब्दांची साक्ष

एखाद्या बंदराचा इतिहास लिहिताना आपण जकातीच्या नोंदी, तहनामे आणि प्रवासवृत्ते यांचा आधार घेतो. ही साधने बहुधा राज्यकर्त्यांची अथवा कंपन्यांची असतात. त्यामुळे राज्य जेथे बुडाले तेथे बंदराचा इतिहासही संपला, असा समज सहज रूढ होतो. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील मकासर बंदराच्या बाबतीत हा समज कितपत टिकतो, हे भाषिक पुराव्याच्या साहाय्याने तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्या मसाल्यांच्या व्यापारामुळे मकासरची भरभराट झाली, ते मसाले तेथे पिकत नव्हते. लवंग मलुकू बेटांतील, तर जायफळ बांदा बेटांतील. मकासरजवळ होता तो मुबलक तांदूळ, आणि दोन मोसमी वाऱ्यांच्या मार्गावरील मोक्याची जागा. पश्चिमेकडील वारे वाहू लागले की तांदूळ आणि हिंदुस्थानातील कापड घेऊन गलबते पूर्वेकडील बेटांना जात. वारे उलटले की तीच गलबते मसाले घेऊन परत येत. 1511 मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतल्यावर मलायी व्यापाऱ्यांना नवा आश्रय हवा होता. मकासरच्या गोवा या राज्याने (आपल्या गोव्याशी या नावाचा काही संबंध नाही) त्यांच्या वस्तीला व मालमत्तेला अभय दिले. 1613 मध्ये इंग्रजांची वखार आली, मागून डॅनिश आले, आणि 1641 मध्ये डचांनी मलाक्का जिंकल्यावर तेथील पोर्तुगीजही येथेच येऊन राहिले. सारांश, येथे येण्यास कोणासही मज्जाव नव्हता, हेच या बंदराचे खरे भांडवल होते.

डच ईस्ट इंडिया कंपनीला नेमके हेच खुपत होते. मसाल्यांचा मक्ता हवा, तर मकासरची गलबते मलुकूस जाता कामा नयेत. सुलतान अलाउद्दीनने ही मागणी फेटाळली. जमीन माणसांत वाटली गेली असली तरी समुद्र सर्वांचा आहे, अशी त्याची भूमिका होती. 1609 मध्ये ग्रोटियस या डच विधिज्ञाने पोर्तुगीजांविरुद्ध हाच सिद्धांत मांडला होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे स्पेलमन या डच सेनानीने बोनेचा सरदार आरुंग पालक्का याच्या मदतीने युद्ध केले. 18 नोव्हेंबर 1667 रोजी बोंगायाचा तह झाला आणि 1669 मध्ये सोम्बा ओपूचा किल्ला पडला. इतर युरोपीयांना बंदर सोडावे लागले आणि स्थानिक गलबतांच्या संचारावर परवान्यांचे निर्बंध आले.

मकासरचा वृत्तांत सामान्यतः येथे थांबविला जातो. परंतु किल्ला पडल्यानंतर सातच वर्षांनी, 1676 मध्ये, मकासरमधील वाजो व्यापाऱ्यांचा प्रमुख आमान्ना गप्पा याने नौकानयन व व्यापार यांविषयीचे नियम संकलित केले. अंतरानुसार नौभाडे, नाखवा व खलाशी यांचे हक्क, भागीदारी आणि कर्ज यांचा त्यात विचार आहे. ज्यांचा समुद्र खरोखरच बंद झाला, ते लोक नौभाड्याचे दर ठरवीत बसत नाहीत.

या नाविकांच्या एका मार्गाची साक्ष भाषा देते. मकासरची गलबते समुद्रकाकडी गोळा करण्यासाठी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जात. त्या प्रदेशाला ते मारेगे म्हणत. हा माल उकडून, वाळवून, धुरी देऊन मकासरला नेत व तेथून तो चीनला जाई. फेब्रुवारी 1803 मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सला त्या किनाऱ्यावर पोबासू या नाखव्याचा तांडा भेटला. एकंदर साठ गलबते व सुमारे हजार माणसे आल्याचे त्याला सांगण्यात आले. हे लोक तेथे महिनोन्‌महिने तळ देऊन राहत, आणि स्थानिक माणसेही त्यांच्याबरोबर काम करीत.

साहजिकच तेथील योलंगू भाषांत मकासरी शब्द शिरले. तांदळाला मकासरीत ‘बेरासा’ म्हणतात. योलंगूत ‘स’ हा ध्वनी नसल्याने त्याचे ‘बेर्राथा’ झाले. ‘लेपालेपा’ या होडीची ‘लिपालिपा’ झाली. पैशाला ‘रुपिया’ आणि गोऱ्या माणसाला ‘बलांदा’ हे शब्द आजही तेथे चालतात. रुपियाचे मूळ संस्कृत ‘रूप्य’; आणि ‘बलांदा’ म्हणजे हॉलंडचा मनुष्य, अर्थात आपला वलंदेज. आज्ञापत्रात टोपीकरांच्या यादीत येणारा हा शब्द व आर्नहेम लँडमधील ‘बलांदा’ हे एकाच नावाचे दोन अवशेष होत.

तथापि अशा पुराव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निशाणाला योलंगूत ‘बंदिर्रा’ म्हणतात व त्याचे मूळ पोर्तुगीज आहे. पण त्यावरून पोर्तुगीज तेथे जात असत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. शब्दाचे मूळ एक आणि त्याचा वाहक दुसरा असू शकतो. डच जहाजे या द्वीपसमूहात प्रथम 1596 मध्ये आली. म्हणून ‘बलांदा’ हा शब्द त्यापूर्वीचा नसावा, इतकेच निश्चित म्हणता येते. नेमका काळ इतर शास्त्रांनी ठरवावयाचा आहे. जुलिरी येथील शैलाश्रयातील गलबताच्या चित्रावर मधमाशीच्या मेणाची एक आकृती आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ती 1664 पूर्वीची ठरते, म्हणजे चित्र त्याहूनही जुने. हे मापन ग्राह्य धरल्यास हा संबंध बोंगायाच्या तहाहून प्राचीन मानावा लागतो.

1906 मध्ये ऑस्ट्रेलियातील सत्तेने परवाने नाकारले आणि पुढील वर्षी शेवटचे गलबत परतले. ज्या खलाशांनी हे शब्द त्या किनाऱ्यावर नेले, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. ज्यांना दप्तर नव्हते त्यांच्या व्यवहाराची नोंद कित्येकदा परक्याच्या बोलीत राहते. ती वाचणे हे भाषाभ्यासकाइतकेच इतिहासकाराचेही कर्तव्य होय.