ढगाचा जमाखर्च

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघालात, तर जुलैत डोंगर ढगात बुडालेले दिसतात. तिथे कोसळणारा पाऊस म्हणजे नुसते पाणी नव्हे. तो ऊर्जेचाही मोठा व्यवहार असतो. तो उलगडायला शास्त्रज्ञांना शंभरावर वर्षे लागली.

१७६०च्या सुमारास ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांच्या ध्यानात आले, की उकळत्या पाण्याला कितीही आच दिली तरी तापमापकातला पारा वर सरकत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? ती वाफेत दडून बसते. तिलाच ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. १८५०मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियस यांनी उष्णता आणि कार्य यांचा हिशेब नियमात बांधला. झाकण घट्ट बसवलेल्या भांड्याला या दोन नोंदी पुरतात. पण जिथे पदार्थाचीच आवक-जावक चालते, तिथे तिसरी नोंद हवी. अमेरिकेच्या विलर्ड गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ या काळात ती समीकरणात आणली.

सह्याद्रीवरचा ढग हे असेच बिनझाकणाचे भांडे. अरबी समुद्रावर उन्हाने पाण्याची वाफ होते. वारा ती सावित्रीच्या खोऱ्यात आणतो. डोंगराला अडून हवा वर चढते, थंडावते. वाफेचे थेंब होतात आणि दडलेली उष्णता मोकळी होते. थेंब खाली पडतात, उष्णता मात्र वरच्या हवेत राहते. म्हणजे जमेला वाफ, खर्चाला पाणी आणि शिल्लक ऊर्जा! एका चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे ७० युनिट विजेइतकी ऊर्जा वर मोकळी झालेली असते. त्या उबेने हवा आणखी उसळते आणि खालून नवी ओली हवा ओढून घेते. वादळांचे बळ या सुप्त उष्णतेत आहे, हे जेम्स एस्पी यांनी १८४१मध्येच मांडले होते.

या व्यवहाराची झळ महाड-पोलादपूरने सोसली आहे. जुलै २००५मध्ये दासगाव, जुई येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये, केवनाळे येथे दरडींनी माणसे गाडली. दरड कोसळायला उतार आणि मातीही कारण होते. पण पाणी आणून ओततो तो हाच व्यवहार. हवा एका अंशाने तापली, की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. तेव्हा पारा किती चढला एवढेच पाहून भागणार नाही. समुद्रावरून बाष्प किती येत आहे, तेही पाहायला हवे. आणि अतिवृष्टीचा इशारा मिळताच डोंगरपायथ्याची वस्ती हलली, तरच हा हिशेब माणसाच्या कामी आला म्हणायचा.