शेवटची बस आणि सगळ्यांचं जंगल

स्टॉकहोमच्या मेट्रोच्या हिरव्या लाईनवर ब्योर्कहागेन नावाचं एक स्टेशन आहे. बाहेर पडलं की तीन-चार मजली साध्या इमारती, एक छोटा चौक, बर्चच्या झाडांमध्ये उभं असलेलं एक काळपट विटांचं चर्च. (हे चर्च सिगुर्द लेवेरेंत्स या आर्किटेक्टने बांधलेलं आहे आणि ते बघायला जगभरातून लोक येतात, हे मला फार उशिरा कळलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गोडाऊन समजलो होतो.) तिथून थोडं चाललं की झाडाच्या खोडावर नारिंगी रंगाचा एक पट्टा दिसतो. ही सोर्मलान्ड्सलेदेन नावाच्या पायवाटेची सुरुवात. इथून निघालेली ही वाट जंगलांतून, तळ्यांच्या काठाकाठाने, शेतांच्या बांधावरून जवळजवळ हजार किलोमीटर फिरते. १९७०च्या दशकात आखायला घेतली आणि तुकड्यातुकड्याने वाढत गेली. बरेचसे टप्पे असे आहेत की एका टोकाला बसने किंवा ट्रेनने जायचं, दिवसभर चालायचं आणि दुसऱ्या टोकाहून दुसरी बस पकडून घरी यायचं.

मी ऑनसाईट आलो तेव्हा गाडी नव्हती, अजूनही नाही. ऑफिसला जायचा मंथली पास मात्र होता, आणि त्याच पासवर हे सगळं जमतंय म्हटल्यावर माझे वीकेंड मार्गी लागले. पहिल्याच वेळी एका तळ्याच्या काठावर बसून डब्यातल्या पोळ्या खाताना अस्सल देशी प्रश्न पडला: ही जागा कुणाची? सोमवारी टीममधल्या एका स्वीडिश मित्राला विचारलं. तो म्हणाला, "असेल कुणाचीतरी. तुला काय फरक पडतो?"

त्याला खरंच कळत नव्हतं की मी हे का विचारतोय. आणि मला कळत नव्हतं की याला फरक कसा पडत नाही. तिथून माझं वाचन सुरू झालं.

उत्तराचं नाव आहे अल्लेमान्सरेत्तेन. शब्दशः अर्थ, सर्व माणसांचा हक्क. जमीन कुणाचीही असो, तुम्ही तिथून चालू शकता, तळ्यात पोहू शकता, एखादी रात्र तंबू ठोकू शकता, बेरी आणि मशरूम गोळा करू शकता. मात्र कुणाच्या घराच्या अगदी जवळ जायचं नाही, उभ्या पिकातून चालायचं नाही, जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही, जंगलात गाडी घालायची नाही. थोडक्यात, कुणाला त्रास द्यायचा नाही आणि कशाची नासधूस करायची नाही. टुरिस्ट लोकांसाठीच्या पत्रकांत याला "प्राचीन परंपरा" म्हणतात. वाचून आपल्याला वाटतं, व्हायकिंग लोक वाटेत थांबून ब्लूबेरी खात असतील आणि तेव्हापासून हे असंच चाललं असेल.

मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. पण खोलात गेल्यावर गोष्ट वेगळीच निघाली, आणि माझ्या मते जास्त भारी.

या हक्काचा एक मोठा आधार म्हणजे कायद्यात *न* लिहिलेली गोष्ट. १८६४च्या स्वीडिश दंडसंहितेत दुसऱ्याच्या जमिनीवरून काय उचललं तर गुन्हा ठरतो, याची यादी होती. उभ्या झाडाची फांदी, साल, पाला, ओकची फळं, हेझलनट, डिंक वगैरे. जंगली बेरी, मशरूम आणि फुलं त्या यादीत नव्हती. मग ती घेणं गुन्हा नाही, असा अर्थ लावला गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर ब्लॅकलिस्ट होती, आणि जे ब्लॅकलिस्टमध्ये नाही ते चालतं. एवढा मोठा राष्ट्रीय अभिमान एका वगळलेल्या ओळीवर उभा आहे हे वाचून मला मनापासून हसू आलं.

पण ती ओळ नंतर भरलीही गेली असती. १९००च्या आसपास लिंगनबेरीला एकदम भाव आला. रेल्वे झाली होती, जर्मनीत मागणी होती, आणि जंगलातल्या आंबट लाल बेऱ्या डबे भरभरून निर्यात होऊ लागल्या. आता जमीनमालकांना आठवलं की बेऱ्या आपल्या जमिनीवर उगवतात. बेरी तोडण्यावर बंधन घाला, अशा मागण्या संसदेपर्यंत गेल्या आणि फेटाळल्या गेल्या. कारण बेऱ्या वेचणारे कोण होते? भूमिहीन बाया आणि पोरं. त्यांच्या हातात वर्षातून एकदा रोख पैसा येत होता, तो काढून घेतला तर त्यांचा भार गावावरच पडणार होता. म्हणजे हा हक्क सुरुवातीला सुट्टीच्या मौजेसाठी नव्हता, तो गरिबीचा हक्क होता.

त्या गरिबीच्या खुणा वाटेवर अजून दिसतात. चालता चालता मधेच एक दगडी जोतं लागतं, त्यावर शेवाळ, कोपऱ्यात कोसळलेल्या चुलीचा ढिगारा, आणि त्याच्या बाजूला घनदाट जंगलात एकटंच उभं असलेलं लायलॅकचं झुडूप. लायलॅक काही जंगलात आपोआप येत नाही, ते कुणीतरी दारात लावलेलं असतं. हे तोर्प. तोर्पचा माणूस म्हणजे मोठ्या जमीनदाराच्या जमिनीवर झोपडी आणि इवलंसं शेत कसणारं कूळ. भाडं पैशात नाही, श्रमात द्यायचं, जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस राबून. ही पद्धत कायद्याने संपली १९४३ साली! स्वीडन म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे चित्र येतं त्यात हे बसतच नाही. १८५० नंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत बारा लाखांवर माणसं हा देश सोडून गेली, बहुतेक अमेरिकेत. १९०० साली देशाची लोकसंख्या होती फक्त एक्कावन्न लाखांच्या आसपास. तेव्हा जंगलातली ही शांतता बघताना मला हल्ली थोडं वेगळं वाटतं. काही ठिकाणी ती शांतता माणसं निघून गेल्याची आहे.

मौजेसाठी चालणं ही वेगळ्याच लोकांची गोष्ट होती. १८८५ मध्ये उप्साला या विद्यापीठाच्या गावात स्वीडिश टुरिस्ट असोसिएशन स्थापन झाली. त्यांची नजर दूर उत्तरेच्या डोंगरांवर होती. १९०९ मध्ये स्वीडनने एकदम नऊ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, युरोपातली पहिली. उत्तम झालं, पण त्यातली बरीचशी लाप्लांडमध्ये किंवा अशाच लांबच्या जागी. स्टॉकहोमच्या कारखान्यातला कामगार तिथे जाणार कधी? आठ तासांच्या दिवसाचा कायदाच मुळात १९१९चा, आणि तोही आठवड्याला ४८ तास, म्हणजे शनिवारी काम. राहिला एक रविवार.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण कुठल्याही जंगलात नाही, ते १९३८ साली संसदेत आहे. त्या वर्षी पगारी रजेचा कायदा झाला. वर्षाला बारा कामाचे दिवस, म्हणजे दोन आठवडे, सगळ्या नोकरदारांना. (पुढे १९५१ मध्ये तीन आठवडे, १९६३ मध्ये चार, १९७८ पासून पाच. आमचे मॅनेजर जुलैमध्ये महिनाभर गायब होतात आणि भारतातली टीम कपाळाला हात लावते, त्याचं मूळ हे.) आता प्रश्न आला की लाखो माणसांना अचानक दोन आठवडे मोकळे मिळाले, तर त्यांनी जायचं कुठे? कामगार संघटना आणि सहकारी चळवळीने मिळून १९३७ मध्येच रेसो नावाची प्रवास संस्था काढली होती. सरकारनेही त्याच सुमारास एक समिती नेमली, तिचा अहवाल १९४०चा.

या समितीसमोरची अडचण आपल्याला अगदी ओळखीची वाटेल. शहराजवळचे तळ्यांचे आणि समुद्राचे काठ झपाट्याने विकले जात होते. ज्याला परवडेल तो काठावर सुट्टीचं घर बांधत होता. चालायचा हक्क सगळ्यांना, पण घराच्या अंगणात जाता येत नाही. मग काठावर ओळीने घरं झाली की हक्क कागदावर शाबूत आणि पाण्यापर्यंत जायची वाट बंद! "सर्वांचा हक्क" हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो याच चर्चेत. जुनी सवय होती, तिला नाव मिळालं, कारण ती जाईल अशी भीती वाटू लागली होती.

त्यातून आला काठ वाचवण्याचा कायदा. १९५० मध्ये तात्पुरता, १९५२ मध्ये पक्का, आणि १९७५ मध्ये सरसकट सगळीकडे. पाण्याच्या कडेपासून शंभर मीटर जमिनीवर आणि शंभर मीटर पाण्यात, परवानगीशिवाय बांधकाम नाही. स्वीडनमध्ये एक हेक्टरपेक्षा मोठी तळी सुमारे एक लाख आहेत, यावरून अंदाज करा. मी ज्या काठावर पोळ्या खाल्ल्या तो काठ मोकळा राहिला तो व्हायकिंग लोकांमुळे नाही, हा असा भांडून ठेवलेला आहे.

आणि गंमत म्हणजे "सर्वांचा हक्क" राज्यघटनेत आला तो थेट १९९४च्या दुरुस्तीत. तिथे एवढंच म्हटलंय की निसर्गात जायची मुभा या हक्कानुसार सगळ्यांना राहील. हा हक्क म्हणजे नक्की काय, ते एका जागी कुठेच लिहिलेलं नाही. डिक्लेअर केलंय, डिफाईन केलंच नाही! शेजारच्या नॉर्वेने १९५७ मध्येच रीतसर कायदा करून टाकला होता. कोड रिव्ह्यूमध्ये मी हे नक्की परत पाठवलं असतं.

असो. त्यूरेस्ताबद्दल सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. स्टॉकहोमपासून वीसेक किलोमीटर. हान्देनपर्यंत लोकल ट्रेन, तिथून बस, आणि बस थांबते ती जुन्या लाकडी घरांच्या त्यूरेस्ता गावाशी. पुढे जंगल. स्वीडनमधलं बहुतेक जंगल हे खरं तर पीक आहे: तोडायचं, पुन्हा लावायचं, आणि पुन्हा लावणं १९०३च्या कायद्यापासून बंधनकारक. म्हणून एका वयाची झाडं, सैनिकांसारखी. त्यूरेस्तात तसं नाही. तिथे चारशे वर्षं वयाचे पाईन आहेत, वाकडे, करड्या सालीचे. राजधानीच्या इतक्या जवळ हे उरलं कसं? १९३०च्या दशकात इथेही कुऱ्हाड पडायची वेळ आली होती, तेव्हा स्टॉकहोम शहराने जमीन विकत घेतली. १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि सहाच वर्षांनी, १९९९च्या कोरड्या ऑगस्टमध्ये, आग लागली. साडेचारशे हेक्टर जळालं. काही ठिकाणी माती इतकी खोल जळाली की खाली नुसता खडक उरला. आज त्या भागात बर्च आणि अस्पेनची दाटी आहे, मधूनमधून चांदीसारखे चमकणारे मेलेले पाईन उभे. तिथे आता शेकोटी फक्त ठरलेल्या जागी आणि तंबूही ठरलेल्या जागीच. सगळ्यांचा हक्क म्हणजे वाटेल ते करायचा हक्क नव्हे, हे तिथे पाटी न वाचताही समजतं.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी तिथे स्तेनशोन तळ्याकाठी जरा जास्तच रमलो आणि बस डोळ्यांसमोर निघून गेली. थांब्यावर एक ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या, पायात रबरी बूट, हातात मशरूमची टोपली. त्यांचीही चुकली होती. गप्पा सुरू झाल्या. मी हौसेने १९३८ काढलं. आजी हसल्या. म्हणाल्या, "माझे वडील कारखान्यात होते. पहिली रजा मिळाली तेव्हा त्यांना काय करावं कळेना. आई सांगायची, तीन दिवस ते घरात चकरा मारत होते. चौथ्या दिवशी सायकल काढून दोघं तळ्यावर गेले." मग टोपलीतले पिवळे मशरूम दाखवत म्हणाल्या, "आमच्याकडे ना जमीन होती, ना गाडी. हे होतं."

मला तेव्हा पवना आठवलं. कॉलेजात असताना आम्ही पावसाळ्यात बाईक काढून जायचो. दर वर्षी पाण्यापर्यंत पोचायची एखादी वाट कमी झालेली असायची. तारेचं कुंपण, "खाजगी मालमत्ता"ची पाटी, आत लॉन आणि तंबूंचं पॅकेज. आणि ते पाणी तरी कसं आलं, गावांच्या जमिनी बुडवूनच ना. काठाची गावं अजून तिथेच आहेत. आपल्याकडे काठाला शंभर मीटरचा नियम लावला तर पहिला फटका त्या गावकऱ्याच्या चहाच्या टपरीला बसेल की रिसॉर्टला, याचं उत्तर मला माहीत आहे असं वाटतं, आणि म्हणूनच "आपणही असंच करूया" असं मी चटकन म्हणत नाही.

इथेही सगळं गोडगोड नाही. २००९ पासून काठाचे नियम सैल झालेत, सूट द्यायची की नाही हे बहुतेक वेळा नगरपालिका ठरवते, आणि गावं ओस पडत असतील तर काठावर बांधू द्या, असं खेड्यातले लोक म्हणतात. त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही. त्याच "सर्वांच्या हक्का"वर आज बेरीचा धंदाही चालतो. त्यासाठी थायलंडहून मजूर येतात, कर्ज काढून, आणि हंगाम वाईट गेला तर कर्ज घेऊनच परततात. बेऱ्या फुकट, वेचणारी माणसं पुन्हा गरीबच. फक्त आता ती लांबून येतात.

हे मी आजींना म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी टोपलीतले मूठभर मशरूम माझ्या रिकाम्या डब्यात टाकले आणि बटरमध्येच परत, दुसरं काही घालू नकोस, अशी ताकीद दिली. मी घरी जाऊन लसूण आणि हिरवी मिरची घातली, ते त्यांना कळलं नाही तर बरं.

तासाभराने बस आली. ड्रायव्हर, आजी आणि मी, तिघंच.