तुंबडी : कोरडी व रक्ताची

कोरडी तुंबडी लावणारे आपल्या उपचारास सुश्रुताचा आधार सांगतात. हा आधार आम्हांस मान्य नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, १३ व्या अध्यायांत, शिंग व अलाबु म्हणजे भोपळ्याची तुंबडी यांचा विधि दिला आहे. शिंग तोंडानें ओढावयाचें, तुंबडींत दिवा ठेवावयाचा. परंतु दोहोंपूर्वीं त्वचेस फांसण्या टाकावयाच्या, कारण हेतु रक्त काढण्याचा आहे. त्वचा अभंग ठेवून लावण्याचा प्रकार इसवी सनाच्या १ ल्या शतकांत रोमन ग्रंथकार सेल्सस यानें स्पष्टपणें निराळा सांगितला आहे. युनानी वैद्यकांतहि फांसणीची व बिनफांसणीची हिजामत वेगळीच मानिली आहे.

दिव्यानें तापलेली हवा निवतांच आकुंचन पावते व कातडी आंत ओढली जाते. ही क्रिया दोहोंत समान. धोके मात्र सारखे नाहींत. कोरडीनें भाजण्याचें व फोड येण्याचें भय असतें. रक्ताच्या तुंबडींत अस्वच्छ उपकरणानें रोग संक्रमण पावतो. जखमेवर, किंवा रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यास वैद्याच्या सल्ल्याविना, कोणतीहि तुंबडी लावूं नये. सबब सदर अध्याय रक्तमोक्षणाचा पुरावा म्हणूनच वाचावा, असें आमचें मत आहे.